विस्मृत तबकडी कशी ऐकावी?

नभोवाणीवरून गाण्याविषयी बोलणारे वक्ते बहुधा थोरामोठ्यांच्या गायनाविषयी बोलतात, आणि ते योग्यच आहे. आज मी जिच्याविषयी बोलणार आहे ती तबकडी मात्र कोणा नामांकित गवयाची नव्हे. अमेरिकेतील एका शेतकऱ्याच्या दोन मुलांनी ती शेतावरच्याच एका खोलीत गाइली, वडिलांच्या पैशाने ती तयार झाली, आणि त्यानंतर जवळजवळ तीस वर्षे जगाने तिची विचारपूसही केली नाही. तिचे नाव 'ड्रीमिन् वाइल्ड'. आपल्या भाषेत 'स्वैर स्वप्ने पाहताना' असे काहीसे म्हणता येईल. साल १९७९. गाणारे भाऊ डॉनी आणि ज्यो एमर्सन.

आज ही तबकडी कोणासही घरबसल्या ऐकावयास मिळते. परंतु ती ऐकू लागण्यापूर्वीच तिची कथा आपल्या कानी येते, आणि ती कथा अशी करुण व चमत्कारिक आहे की, पुढे कान गाणे ऐकतात की कथाच ऐकतात, हे सांगणे कठीण होते. म्हणून आजच्या भाषणात मला दोन गोष्टी करावयाच्या आहेत. ही तबकडी कशी जन्मली, कशी बुडाली व कशी वर आली हे सांगावयाचे. आणि मग अशा वस्तूचे श्रवण कसे करावे, म्हणजे तिला न्याय मिळेल, याचा विचार करावयाचा.

प्रथम एक शब्द स्पष्ट करतो. 'पॉप' म्हणजे पाश्चात्त्य देशांतील लोकप्रिय सुगम संगीत. तीन-चार मिनिटांची गाणी, सोपी चाल, सोपे शब्द, आणि विषय बहुतेक प्रेमाचा. असे संगीत सहसा मोठ्या कंपन्या काढतात. गायक निवडणे, ध्वनिमुद्रण करणे, तबकड्या छापणे, त्या दुकानांत पोहोचविणे व त्यांची जाहिरात करणे, ही सारी कामे त्यांच्या छत्राखाली चालतात. परंतु तबकड्या छापणारे कारखाने पैसे देणाऱ्या कोणाही गिऱ्हाइकाचे काम घेत असत. ज्याप्रमाणे एखादा कवी प्रकाशक मिळत नाही म्हणून पदरमोड करून छापखान्यातून आपला संग्रह छापून आणतो, त्याप्रमाणे अमेरिकेत कित्येक हौशी गायकांनी, शाळांच्या वाद्यवृंदांनी आणि चर्चच्या गायकमंडळांनी स्वतःच्या खर्चाने तबकड्या काढल्या. 'ड्रीमिन् वाइल्ड' ही अशीच एक स्वतंत्र तबकडी होय.

आता स्थळ पाहू. अमेरिकेच्या वायव्य टोकाला वॉशिंग्टन नावाचे संस्थान आहे. (राजधानीचे वॉशिंग्टन शहर ते निराळे; ते दुसऱ्या टोकाला.) या संस्थानाच्या ईशान्य भागात, कोलंबिया नदीच्या खोऱ्यात, फ्रूटलँड नावाचे एक लहानसे खेडे आहे. डोंगर, पाइनची झाडे, गवताची कुरणे आणि दूरदूर विखुरलेली शेते. जवळचे मोठे शहर स्पोकॅन; तेही सुमारे ७० मैलांवर. येथे एमर्सन कुटुंबाची सुमारे १६०० एकर जमीन होती. शेतीबरोबर लाकूडतोडीचाही व्यवसाय होता, आणि मुलांना लहानपणापासून कामास जुंपलेले असे.

या शेतावर संगीत आले ते एका ट्रॅक्टरमधून. वडिलांनी घेतलेल्या नव्या ट्रॅक्टरला चालकासाठी बंदिस्त कोठडी होती, आणि त्या कोठडीत रेडिओ बसविलेला होता. तासन्‌तास जमीन नांगरताना मुले स्पोकॅनकडून येणारी गाणी ऐकत. श्रोतेहो, नभोवाणीच्या श्रोत्यांस ही गोष्ट विशेष जवळची वाटावी. मध्यम लहरींचे ध्वनिक्षेपण दिवसा जमिनीलगत पसरत बऱ्याच दूरवर जाते, आणि सूर्यास्तानंतर वातावरणाच्या वरच्या थरांवरून परावर्तित होऊन त्याहूनही कितीतरी लांब पोहोचते. म्हणून ज्या खेड्यात संगीताची सभा नाही व वाद्यांचे दुकान नाही, तेथेही शहराचा सूर पोहोचतो. त्या काळच्या अमेरिकन केंद्रांवर एकाच तासात निग्रो परंपरेतून आलेले आर्त 'सोल' गायन, नाचाची 'फंक' चाल, गिटारचे रॉक संगीत व हळुवार प्रेमगीते अशी सर्व प्रकारची गाणी एकापाठोपाठ लागत. कोणते कोणाचे, कोणत्या जातीचे, कोणत्या शहराचे, हे त्या मुलांना कोण सांगणार? त्यांच्या दृष्टीने ते सगळे एकाच पेटीतून येणारे एकच संगीत होते. या तबकडीवर निरनिराळ्या धर्तीची गाणी निःसंकोचपणे शेजारी शेजारी बसली आहेत, त्याचे मूळ मला येथे दिसते.

डॉनी धाकटा, तबकडी निघाली तेव्हा तो सतरा-अठरा वर्षांचा होता. ज्यो त्याच्याहून सुमारे दोन वर्षांनी मोठा. गाणी रचावयाची, ती गावयाची, गिटार व स्वरपट्टीची वाद्ये वाजवावयाची, ही कामे मुख्यतः डॉनीची. ज्यो ड्रम वाजवी. मुलांचा ओढा पाहून वडील डॉन एमर्सन यांनी जे केले ते कोणत्याही व्यवहारी गृहस्थास वेडेपणाचे वाटेल. त्यांनी जमिनीवर कर्ज काढले आणि शेतावरच लाकडी ओंडक्यांच्या खोलीत ध्वनिमुद्रणाची सर्व सिद्धता करून दिली. खोली, यंत्रे व वाद्ये यांवर मिळून सुमारे एक लाख डॉलर खर्च झाले, असे सांगतात. वडील स्वतः काही संगीतज्ञ नव्हते. मुलांच्या अंगी काही आहे, एवढा त्यांचा विश्वास होता, आणि तो त्यांनी कागदावर सही करून व्यक्त केला.

ही तबकडी ऐकताना त्या खोलीतील यंत्राची थोडी माहिती असावी. अशा यंत्रात चुंबकीय फितीवर अनेक समांतर पट्ट्या असतात, आणि प्रत्येक पट्टीवर निरनिराळ्या वेळी निरनिराळा आवाज उमटविता येतो. समजा, आज सकाळी पहिल्या पट्टीवर ड्रम वाजवून घेतले. दुपारी ते कानांत ऐकत दुसऱ्या पट्टीवर गिटार भरली. उद्या तिसरीवर गायन केले आणि परवा चौथीवर त्याच गायनाला स्वतःचीच साथ दिली. शेवटी साऱ्या पट्ट्या योग्य प्रमाणात एकत्र केल्या की एका माणसाचा वाद्यवृंद तयार होतो. शहरातील स्टुडिओत तासाप्रमाणे भाडे भरावे लागते. म्हणून तेथे घाई असते, आणि काचेपलीकडे एखादा अनुभवी मनुष्य बसून 'हे चालेल, ते चालणार नाही' असे सांगत असतो. फ्रूटलँडच्या खोलीत घड्याळही नव्हते आणि तो मनुष्यही नव्हता. या दोन अभावांपैकी पहिल्याने या तबकडीला तिचा निवांतपणा दिला. दुसऱ्याने तिला तिचे दोष दिले, आणि तिचे वेगळेपणही.

तबकडीवर एकंदर आठ गाणी आहेत. पहिले 'गुड टाइम'. जलद, उत्साही, नवी सायकल मिळालेल्या मुलाने उतारावरून सुटावे तसे. दुसऱ्या 'गिव्ह मी द चान्स' या गाण्यात नाचाच्या तालावर विद्युत् वाद्यांचे चमत्कारिक सूर आहेत. तिसरे गाणे 'बेबी', आणि आज ही तबकडी जगाला माहीत आहे ती मुख्यतः या एका गाण्यामुळे.

'बेबी'त काय आहे? पाहू गेले तर फारसे काही नाही. लय अत्यंत सावकाश. वाद्ये थोडी, आणि त्यांच्यामध्ये मोकळी जागा पुष्कळ. शब्द इतके साधे की पाचवीच्या मुलालाही इंग्रजीच्या तासाला समजावेत. प्रियेला उद्देशून केलेले एक आर्जव, यापलीकडे अर्थ नाही. परंतु गाणारा आवाज ध्वनिग्राहकाच्या अगदी जवळ आहे, आणि तो कोणाला ऐकविण्यासाठी लावलेला आवाज नाही. रात्री घरातील माणसे निजली असता, त्यांना जाग येऊ नये म्हणून कोणी हलक्या गळ्याने गावे, तसा तो वाटतो. मधूनच तो वरच्या सप्तकाकडे सरकतो, तेथे क्षणभर डळमळतो आणि खाली येतो. ते डळमळणे एखाद्या कुशल मुद्रकाने पुसून टाकले असते. येथे ते राहिले आहे. आणि नेमक्या त्याच ठिकाणी ऐकणाऱ्याचा श्वास किंचित थांबतो.

सर्वच गाणी या तोलाची आहेत असे मी म्हणणार नाही. काही ठिकाणी ताल जड पडतो, काही चाली जितक्या लांबल्या आहेत तितके सामर्थ्य त्यांच्यात नाही, आणि ऐकलेल्याचे अनुकरण कोठे कोठे उघडे दिसते. अठरा वर्षांच्या मुलाच्या वहीत असावयाचे ते सर्व येथे आहे. परंतु चाळीस वर्षे मुलांच्या वह्या तपासलेल्या माणसास हे ठाऊक असते की, स्वच्छ अक्षरात उतरवून काढलेल्या शंभर निबंधांत एखादाच असा निघतो, ज्यात मुलगा स्वतः बोललेला असतो. त्यात शुद्धलेखनाच्या चुका असल्या तरी तो निबंध आपण पुन्हा वाचतो.

तबकडी छापून आली. मुखपृष्ठावर पांढऱ्याशुभ्र पोशाखातील दोघे भाऊ, मोठमोठ्या कॉलरी, नीट विंचरलेले केस. आता जग दाराशी येईल, अशी घरातील सर्वांचीच अपेक्षा असणार. जग आले नाही. त्याची कारणे गूढ नाहीत, आणि ती समजून घेण्यासारखी आहेत.

तबकडी छापणे हे काम त्या मानाने सोपे. ती पोहोचविणे कठीण. त्या काळी कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्या दरम्यान घाऊक वितरक असे. तो मोठ्या कंपन्यांचा माल प्रांतोप्रांतीच्या दुकानांत पोहोचवी. दुकानदार तोच माल ठेवी, ज्याला मागणी आहे. मागणी त्याच गाण्यांना येई, जी रेडिओवर वाजत. आणि रेडिओ केंद्रे बहुधा तीच गाणी वाजवीत, जी दुकानांत खपत. हे चक्र एकदा फिरू लागले की आपोआप फिरते. परंतु बाहेर उभ्या असलेल्याला त्यात पाऊल ठेवावयास जागा नसते. मोठ्या कंपन्यांची माणसे केंद्राकेंद्रांवर खेटे घालून ती जागा मिळवीत. शेतावर राहणाऱ्या कुटुंबाजवळ तसे माणूस कोठून असणार? त्यातून १९७९ हे वर्ष अमेरिकेतील तबकड्यांच्या धंद्याला मंदीचे गेले. कित्येक वर्षांच्या भरभराटीनंतर त्या साली खप घसरला, आणि मोठ्या कंपन्याही हात आखडू लागल्या. अशा वेळी फ्रूटलँडहून आलेल्या दोन अपरिचित मुलांसाठी कोण दार उघडतो? बहुतेक प्रती विकल्याच गेल्या नाहीत.

ज्या रेडिओने त्या मुलांना गाणे दिले, त्याने त्यांचे गाणे परत घेतले नाही, ही यातील बोचणारी गोष्ट आहे. ऐकणाऱ्यासाठी रेडिओचे दार सताड उघडे असते. ऐकविणाऱ्यासाठी ते फार अरुंद असते.

आणि कर्ज? ते मात्र वाट पाहत बसले नाही. पुढील काही वर्षे डॉनीच्या संगीतासाठी खर्च चालूच राहिला. याच सुमारास अमेरिकेत महागाई रोखण्यासाठी व्याजाचे दर अतोनात चढविण्यात आले. डिसेंबर १९८० मध्ये तर तेथील बँकांचा, उत्तमांतल्या उत्तम कर्जदारांसाठी असलेला दरदेखील शेकडा २१॥ पर्यंत गेला होता. त्यानंतरच्या दशकात तेथील असंख्य शेतकरी कर्जापायी जमिनीला मुकले. एमर्सन कुटुंबाची जमीनही तुकड्यातुकड्याने गेली. १६०० एकरांपैकी सुमारे ६५ एकर उरली.

श्रोतेहो, हा आकडा ऐकताच आपल्या मनात एक म्हण येते, हे मी जाणतो: अंथरूण पाहून पाय पसरावेत. ती म्हण खोटी आहे असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. त्या विचाराकडे मी पुन्हा येईन. आधी तबकडीचे पुढे काय झाले ते सांगतो.

२००८ साली जुन्या तबकड्यांच्या एका संग्राहकास स्पोकॅन येथील जुन्या वस्तूंच्या दुकानात ही तबकडी सापडली. मुखपृष्ठावरील पांढरा पोशाख पाहून त्याचे कुतूहल जागे झाले, आणि काही डॉलर देऊन त्याने ती घरी नेली. 'बेबी' ऐकून तो चकित झाला. त्याने ती इतरांना ऐकविली. त्यांनी आणखी कोणाला. अशा रीतीने हे गाणे, कोणत्याही कंपनीच्या जाहिरातीवाचून, एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाऊ लागले. अखेर सिअ‍ॅटल येथील 'लाइट इन द अ‍ॅटिक' या संस्थेने एमर्सन कुटुंबाशी संपर्क साधला, आणि २०१२ साली तबकडी पुन्हा प्रसिद्ध केली. विस्मृत संगीत शोधून, मूळ मालकाच्या संमतीने ते पुन्हा काढणे, हेच या संस्थेचे कार्य आहे. त्याच वर्षी एरियल पिंक या गायकाने 'बेबी' आपल्या आवाजात गाइले, आणि मूळ गाण्याकडे आणखी लोक वळले. २०१४ साली भावांची त्या काळातील आणखी काही अप्रकाशित गाणी बाहेर आली. २०२२ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात त्यांच्या जीवनावरील, तबकडीच्याच नावाचा चित्रपट दाखविला गेला. वडिलांची जमीन आपल्यापायी गेली हे डॉनीच्या मनातील शल्य, हाच त्या चित्रपटाचा गाभा आहे.

येथवर कथा झाली. आता श्रवणाचा प्रश्न.

ही कथा ऐकलेला मनुष्य 'बेबी' ऐकावयास बसतो, तेव्हा त्या कोवळ्या आवाजात त्याला गेलेली जमीन ऐकू येते, म्हातारा बाप दिसतो, तीस वर्षांची उपेक्षा जाणवते. डोळ्यांत पाणी येते, आणि त्याला वाटते की गाण्याने रडविले. परंतु जरा विचार करा. १९७९ साली ते गाणे गाताना त्या मुलाला यांतले काय ठाऊक होते? जमीन अजून जावयाची होती. उपेक्षा अजून व्हावयाची होती. तो मुलगा पराभवाचे गाणे गात नव्हता. तो एका मुलीला आर्जव करीत होता, आणि आपले गाणे सगळे जग ऐकणार आहे अशा खात्रीने करीत होता. त्या आवाजातील माधुर्य हे दुःखाचे नाही. अजून काहीच बिघडलेले नाही, याचे ते माधुर्य आहे. आपण त्यावर नंतरच्या दुःखाचा रंग चढवितो, तेव्हा आपण त्याच्याविषयी दया दाखवितो खरे, पण त्याचे ऐकत नाही.

म्हणून अशी तबकडी ऐकण्याची एक रीत मला सुचवावीशी वाटते. कोणी कोणाचे परिचयपत्र न वाचता प्रथम ती एकवार सलग ऐकावी; आठही गाणी, त्याच क्रमाने. कंटाळा आला तर येऊ द्यावा. कोठे आला ते लक्षात ठेवावे. दुसऱ्या वेळी एकेका वाद्याच्या मागे कान लावावा. एका गाण्यात केवळ ड्रम ऐकावेत, दुसऱ्यात केवळ गिटार. मघाशी सांगितलेल्या त्या पट्ट्या मग कानाने उलगडू लागतात, आणि एकाच मुलाने आपल्याच आवाजाला दिलेली साथ ओळखू येते. भाऊ भावाला सांभाळून कसा वाजवितो, तेही कळते. तिसऱ्या वेळी मात्र साल आठवावे. १९७९, त्याच्या पुढचे एकही वर्ष नव्हे. त्या खोलीत जाऊन बसावे, जेथे यंत्र नवे आहे, बाहेर १६०० एकर जमीन अजून शाबूत आहे, आणि दोन मुले उद्याची वाट पाहत आहेत. एवढे झाल्यावर मग खुशाल कथा वाचावी. ती तेव्हा अधिक खोल जाईल, कारण काय पणाला लागले होते ते आपण आपल्या कानांनी ऐकलेले असेल.

आता त्या म्हणीकडे वळतो. बापाने केले ते योग्य की अयोग्य? तुलनेसाठी दुसरी एक तबकडी घ्या. अमेरिकेच्या अगदी दुसऱ्या टोकाला, न्यू हॅम्पशायर संस्थानातील फ्रेमाँट गावी, ऑस्टिन विगिन नावाचा गृहस्थ होता. त्याच्या आईने हात पाहून भाकीत केले होते की, नातींचा वाद्यवृंद होईल व तो नाव काढील. त्या भाकितावर विसंबून त्याने डॉरथी, बेटी व हेलन या मुलींची शाळा सोडविली, वाद्ये आणून दिली, दिवसाकाठी ठराविक वेळ सराव करावयास लावले, आणि १९६९ साली स्वतःच्या खर्चाने 'फिलॉसफी ऑफ द वर्ल्ड' ही तबकडी काढली. वृंदाचे नाव 'द शॅग्ज'. त्यात ताल एकीकडे जातो व सूर दुसरीकडे. तीही तबकडी त्या वेळी बुडाली. १९८० साली ती पुन्हा निघाली, आणि तिच्या विचित्रपणातच अनेक संगीतज्ञांना नवल वाटले. परंतु विगिन १९७५ साली वारला, आणि त्याच्याबरोबरच मुलींचा वृंदही संपला. ज्याची इच्छा होती तो गेला, तेव्हा वाद्ये खाली ठेवली गेली.

दोन्ही बापांनी पैसा घातला, दोघांनाही अपयश आले, दोघांच्याही मुलांचे नाव उशिरा झाले. तरी त्या दोन गोष्टी एक नाहीत. फ्रेमाँटमध्ये बापाच्या स्वप्नासाठी मुली राबत होत्या; फ्रूटलँडमध्ये मुलांच्या स्वप्नासाठी बाप राबत होता. वर्षानुवर्षे पालकांशी बोलताना हा भेद मी पाहिला आहे. एक पालक विचारतो, "गुरुजी, याला पेटीच्या शिकवणीला घातले आहे, पुढे याचा उपयोग काय?" दुसरा म्हणतो, "गुरुजी, हा घरी पेटी सोडतच नाही, काय करू?" पैसा दोघांचाही खर्च होतो, पण दुसऱ्याच्या घरात मुलगा आधी व शिकवणी मागाहून आलेली असते. आपला मुलगा कोणत्या घरातला आहे, हे आपले आपणच पाहावे.

तरीही जमीन गेली, हे सत्य आहे, आणि उशिरा आलेल्या कीर्तीने त्याची भरपाई झाली असे म्हणून ते गोड करून घेण्याची गरज नाही. दुकानात ती एक प्रत त्या संग्राहकाच्या दृष्टीस पडली नसती, तर ही तबकडी आजही धुळीत असती. आणि तिच्यासारख्या कित्येक आजही असतील. मग त्या कुटुंबाचा त्याग व्यर्थ ठरला असता काय? मला वाटते, येथे दोन खाती आहेत आणि ती एकत्र करता कामा नये. पैशाचे खाते तोट्यात गेले. ते कर्ज काढताना अधिक सावधपणा हवा होता, असे कोणी म्हटले तर मी वाद घालणार नाही. दुसरे खाते त्या ओंडक्यांच्या खोलीचे. त्यात एका मुलाला आपले स्वतःचे गाणे सापडले, भावाने त्याला साथ दिली, आणि बापाने दाराबाहेर उभे राहून ते ऐकले. हे खाते १९७९ सालीच पूर्ण झाले होते. २०१२ साली त्यात नवीन काही जमा झाले नाही. आपणांस त्याची बातमी मात्र लागली.

म्हणून श्रोतेहो, 'ड्रीमिन् वाइल्ड' अवश्य ऐका. पण तिच्यावर उपकार करण्यासाठी ऐकू नका, आणि 'कष्टाचे फळ उशिरा का होईना मिळते' हा धडा घेण्यासाठी तर मुळीच ऐकू नका, कारण तसा नेम नाही. आपल्या घरात, शेजारच्या खोलीत, दार लोटून एखादे मूल आपल्यापुरते गात असेल, तर ते कसे ऐकावे हे शिकण्यासाठी ती ऐका. ते पुढे कोण होईल, हा हिशेब बाजूला ठेवून दोन मिनिटे दाराशी उभे राहता आले, तर या विस्मृत तबकडीचे श्रवण आपल्याला साधले, असे मी म्हणेन.